निवृत्तिवेतन : कोणाची कमाई, कोणाचे देणे?

नोकरीतून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थाला विचारा की दरमहा खात्यात जमा होणारी ही रक्कम कोणाची? बहुधा क्षणाचाही विलंब न लावता तो उत्तर देईल, "माझीच. तीस-पस्तीस वर्षे राबलो, पगारातून कपात झाली, तेच आता परत मिळत आहे." या उत्तरात कोणाला काही वावगे वाटत नाही. तथापि जगातील बहुतेक मोठ्या सार्वजनिक पेन्शन योजनांच्या बाबतीत ते वस्तुस्थितीला धरून नाही. कपात झालेला पैसा कोणत्याही तिजोरीत त्याच्या नावाने ठेवलेला नसतो. ज्या महिन्यात तो कापला गेला, जवळजवळ त्याच महिन्यात तो त्या वेळच्या वृद्धांना वाटला गेला. आजचा वृद्ध जे घेतो ते आजच्या कमावत्या माणसाच्या घामातून येते, आणि आजचा कमावता माणूस उद्या जे घेईल ते आज पाळण्यात असलेल्या, किंवा अद्याप जन्मालाही न आलेल्या, माणसाच्या घामातून येईल.

म्हणजे या करारात पक्ष तीन आहेत. घेणारा आणि देणारा हे दोघे करार ठरताना हजर असतात, त्यांना मत असते, संघटना असते, वर्तमानपत्र असते. तिसरा, ज्याच्या खांद्यावर उद्याचा भार पडणार आहे, तो मात्र गैरहजर असतो. सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना आपले करार पूर्ण करण्याचा आदेश आहे. परंतु जो करार आपण केला नाही, जो आपल्या जन्मापूर्वी दुसऱ्यांनी आपल्या नावावर केला, त्याचे काय? घरात म्हातारे थोडे आणि मुले पुष्कळ होती तोवर हा प्रश्न कोणी विचारला नाही. आता म्हातारे वाढत आहेत, मुले घटत आहेत, आणि जो प्रश्न हिशेबनिसांचा समजला जात होता तो न्यायाचा होऊन बसला आहे.

ही व्यवस्था समजून घ्यायची तर जर्मनीकडे पाहावे लागते, कारण कायद्याने चालणाऱ्या वृद्धापकाळ विम्याचा मोठा प्रयोग प्रथम तेथे झाला. चान्सलर बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८९ साली कायदा झाला. कामगार आणि मालक या दोघांनी वर्गणी भरायची, सरकारने तीत भर घालायची आणि वयाच्या ७० व्या वर्षापासून कामगाराला पेन्शन द्यायची. त्या काळी सत्तरी गाठणारा कामगार विरळाच. १९१६ मध्ये ही मर्यादा ६५ वर आली. प्रारंभी या योजनेत निधी साठवला जात असे. पण दोन महायुद्धे, १९२३ ची भयंकर चलनवाढ आणि १९४८ ची चलनबदली यांत तो जवळजवळ विरघळून गेला. पन्नाशीच्या दशकात एकीकडे कारखाने धडधडत होते, तरुणांचे पगार वर्षागणिक चढत होते, आणि दुसरीकडे जन्मभर वर्गणी भरलेले कामगार आणि त्यांच्या विधवा तुटपुंज्या रकमेवर दिवस ढकलत होत्या.

जानेवारी १९५७ मध्ये चान्सलर आडेनाउअर यांच्या सरकारने ही स्थिती पालटली. पेन्शन वेतनमानाशी जोडली गेली. तरुणांचा पगार वाढला की वृद्धांची पेन्शनही वाढणार, आणि तिचा खर्च चालू वर्गणीतून भागवला जाणार. एका फटक्यात पेन्शन सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास वाढली. त्याच वर्षी सप्टेंबरात निवडणूक झाली आणि सत्ताधाऱ्यांनी निम्म्याहून अधिक मते मिळवली. या दोन घटनांचा परस्परसंबंध जर्मन लोकांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. तरीही याला केवळ मतांचे राजकारण म्हणणे अन्यायाचे होईल. युद्धाने आणि चलनवाढीने ज्यांची पुंजी गिळली त्यांना देशाच्या समृद्धीत वाटा देणे हे न्याय्यच होते.

चूक झाली ती अन्यत्र. या सुधारणेमागे विल्फ्रिड श्रायबर या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये मांडलेला आराखडा होता. श्रायबर यांचे म्हणणे असे की कमावती पिढी एकाच वेळी दोन पिढ्यांना पोसत असते, एक आपल्या मागची आणि एक आपल्या पुढची. म्हणून व्यवस्थाही दुहेरी हवी. वृद्धांना पेन्शन मिळावी, तशीच वीस वर्षांखालील प्रत्येक मुलालाही मिळावी. मुलाने जे घेतले ते त्याने मोठेपणी वर्गणीतून फेडावे. सरकारने या आराखड्याचा वृद्धांविषयीचा अर्धा भाग उचलला आणि मुलांविषयीचा अर्धा भाग बाजूला ठेवला. मुलांना मत नव्हते, एवढे कारण पुरेसे होते.

परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. मूल वाढवण्याचा खर्च आईबापांच्या माथी राहिला आणि ते मूल कमावते झाल्यावर त्याच्या कमाईतला वाटा मात्र सर्वांचा झाला. चार मुले वाढवण्यासाठी जिने नोकरी सोडली तिला वृद्धापकाळी पेन्शन कमी, कारण तिची वर्गणी कमी भरली. जिने अखंड नोकरी केली तिला पेन्शन अधिक, आणि ती पेन्शन भरणार कोण, तर पहिलीची चार मुले! १९८६ पासून मुले वाढवण्यात गेलेल्या काळाची काहीशी नोंद पेन्शनच्या हिशेबात होऊ लागली. २००१ मध्ये तेथील घटनापीठाने वृद्धांच्या शुश्रूषा-विम्याबाबत निर्णय दिला की मुले वाढवणारे आणि न वाढवणारे यांच्याकडून सारखीच वर्गणी घेणे न्याय्य नाही, कारण मूल वाढवणे हीच एक वर्गणी आहे. पेन्शनच्या विम्याला मात्र हे तत्त्व लावण्यास त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये नकार दिला. दरम्यान १९७२ पासून जर्मनीत दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत आहेत. साठच्या दशकाच्या आरंभी एका वृद्धामागे सुमारे सहा वर्गणीदार होते, आज सुमारे दोन आहेत. उरलेली तूट भरण्यासाठी सरकार करांच्या उत्पन्नातून दरवर्षी शंभर अब्ज युरोंहून अधिक रक्कम ओतते, आणि निवृत्तीचे वय पायरीपायरीने वाढवत २०३१ पर्यंत ६७ वर नेले जात आहे. दगड फोडणारा आणि टेबलामागे बसणारा या दोघांचे ६७ वे वर्ष सारखे नसते, ही गोष्ट कायद्याच्या तक्त्यात मावत नाही.

येथे आपल्याला हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील दोन निर्णयांचे स्मरण होते. आपल्याकडील काही वक्ते पेन्शनची कल्पना मुस्लिमांनीच युरोपला दिली असे सांगून टाळ्या घेतात. त्या वादात शिरण्याचे कारण नाही. त्या काळी वर्गणी नव्हती, विमा नव्हता, आकडेशास्त्र नव्हते. पण न्यायाचा प्रश्न होता, आणि तो आजच्याइतकाच कठीण होता.

पहिला निर्णय इराकच्या सवादचा, म्हणजे दजला आणि फुरात या नद्यांच्या सुपीक खोऱ्याचा. तो प्रदेश जिंकला गेल्यावर सैनिकांनी मागणी केली की जमीन आमच्यात वाटून द्या; घाम आणि रक्त आम्ही सांडले. हजरत बिलाल (रजि.) यांच्यासारखे आदरणीय सहाबी या मागणीचे पुरस्कर्ते होते आणि त्यांचा आग्रह तीव्र होता. हजरत उमर (रजि.) यांची शंका एकच होती : आज ही जमीन वाटली तर नंतर येणाऱ्यांना काय उरेल? हजरत अली (रजि.) आणि हजरत उस्मान (रजि.) यांनी त्यांची बाजू घेतली. काही दिवस खल झाला आणि शेवटी आधार सापडला तो सूरह अल्-हश्रमध्ये. तेथे संपत्तीच्या वाटपाच्या संदर्भात मुहाजिर आणि अन्सार यांच्यानंतर, मागाहून येणाऱ्यांचाही उल्लेख आहे. जमीन वाटली गेली नाही. ती मूळ कसणाऱ्यांकडेच राहिली आणि तिचा खराज बैतुलमालमध्ये येत राहिला, आजच्यांसाठी आणि उद्याच्यांसाठी. इमाम अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज'मध्ये ही चर्चा तपशिलाने नोंदवली आहे. तिचे मर्म असे की जो तिसरा पक्ष बैठकीला येऊ शकत नव्हता, त्याच्या वतीने खलीफा स्वतः उभा राहिला, आणि तोही आपल्याच विजयी सैन्यासमोर.

दुसरा निर्णय बालकांचा. हिजरी सनाच्या दुसऱ्या दशकात दीवान स्थापन झाला आणि लोकांना बैतुलमालमधून वार्षिक वृत्ती ठरल्या. आरंभी मुलाला वृत्ती मिळे ती त्याचे दूध सुटल्यावर. एका रात्री फेरफटका मारताना हजरत उमर (रजि.) यांना एक तान्हे मूल सारखे रडताना आढळले. चौकशी केली तेव्हा कळले की वृत्ती लवकर सुरू व्हावी म्हणून आई मुदतीआधीच त्याचे दूध तोडू पाहत होती. ते व्यथित झाले आणि त्यांनी नियम बदलला. यापुढे मूल जन्मल्याबरोबर त्याचे नाव दीवानात चढेल, असा आदेश निघाला. याच बैतुलमालमधून त्या वृद्ध, अंध यहुदी भिक्षेकऱ्यालाही वृत्ती बांधून दिली गेली, ज्याच्याविषयी हजरत उमर (रजि.) यांचे म्हणणे होते की तारुण्यात याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडायचे हा न्याय नव्हे. दीवानाची व्यवस्था निर्दोष होती असे नाही. तिच्यातील वृत्ती श्रेणीनुसार कमी-अधिक होत्या, तर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सर्वांना समान वाटप केले होते. पण श्रायबर यांच्या आराखड्याचे जे दोन अर्धे भाग जर्मनीने तोडले, ते दोन्ही तिच्यात एकत्र नांदत होते. पाळण्यातले नाव आणि काठी टेकणाऱ्याचे नाव एकाच वहीत होते.

त्या भिक्षेकऱ्याची गोष्ट आणखी एका कारणाने आठवते. ऑक्टोबर १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून तेथील तरुणांना कारखान्यांत आणि खाणींत कामाला बोलावले. त्यांना पाहुणे कामगार म्हणत. अनातोलियाच्या खेड्यांतून आलेली ही धट्टीकट्टी माणसे होती. त्यांच्या पालनपोषणाचा आणि शाळेचा एक पैसाही जर्मनीला पडला नव्हता, आणि आल्या दिवसापासून ती जर्मन वृद्धांच्या पेन्शनसाठी वर्गणी भरू लागली. दोन दशकांनी बेकारी वाढली. तेव्हा १९८३ च्या अखेरीस कायदा झाला : ठरलेल्या मुदतीत मायदेशी परत जाणाऱ्या पात्र कामगाराला साडेदहा हजार मार्क, प्रत्येक मुलामागे आणखी दीड हजार, आणि त्याने स्वतः भरलेली पेन्शनची वर्गणी परत. मालकाने त्याच्या नावाने भरलेला तेवढाच दुसरा वाटा मात्र परत मिळणार नव्हता, आणि पेन्शनवरील हक्कही संपणार होता. सक्ती नव्हती हे खरे. पुष्कळांनी रक्कम घेतली आणि ते गेले. करार कायदेशीर होता. पण तारुण्य येथे खर्ची पडले आणि म्हातारपण दुसरीकडे पाठवले गेले, हे त्या रकमेने झाकले जात नाही. जे राहिले त्यांची मुले आणि नातवंडे आज जर्मनीत वर्गणी भरतात, आणि तेथील वृद्ध त्या वर्गणीवर जगतात.

आता कोणी म्हणेल, एवढी भानगड कशाला? प्रत्येकाने आपल्यापुरते साठवावे, म्हणजे कोणाचे कोणावर ओझे नाही. चिलीने १९८१ मध्ये हाच मार्ग धरला आणि आपल्याकडील राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाही व्यक्तिगत खात्यावरच आधारलेली आहे. अशा निधीची गुंतवणूक कोठे होते, तिच्यात व्याजाचा अंश किती, हा श्रद्धावंतासाठी गंभीर प्रश्न आहे. सक्तीने कापल्या जाणाऱ्या रकमेबाबत आपल्या उपखंडातील अनेक मुफ्तींनी सवलतीचा निर्णय दिलेला आहे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. येथे मुद्दा वेगळा आहे. साठवलेला पैसा म्हणजे साठवलेले अन्न नव्हे. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सात सुकाळी वर्षांत धान्य साठवले, तेही कणसांसह, टिकावे म्हणून. नाणी साठवली असती तर दुष्काळात त्यांनी पोट भरले नसते. वृद्धाला जे लागते, ताजी भाकरी, औषध देणारा हात, रात्री उठून पाणी देणारे कोणी, यांतले बहुतेक साठवताच येत नाही. ते त्या दिवशी कोणा तरुणाने करावे लागते. तरुणच थोडे असतील तर खात्यातला पैसा त्यांच्या श्रमाची किंमत चढवील, तरुणांची संख्या वाढवणार नाही. तेव्हा खाते व्यक्तिगत असो वा सामायिक, वृद्ध माणूस अखेर कोणाच्या तरी लेकराच्या भरवशावर जगतो.

हे एकदा मान्य केले की पेन्शन ही 'माझी परत मिळालेली कमाई' राहत नाही. ती वडीलधाऱ्यांचा तरुणांवरील हक्क ठरते. माझ्या मते हा हक्क अधिक भक्कम आहे, कमकुवत नव्हे, कारण तो हिशेबावर नव्हे तर नात्यावर उभा आहे. पण नात्याचा हक्क एकतर्फी नसतो. तरुणांच्या कमाईवर ज्याचा अधिकार, त्याच्यावर ते लहान असताना त्यांच्या भाकरीचे आणि शाळेचे दायित्वही होते. आणि केवळ स्वतःच्या मुलांचे नव्हे, कारण पेन्शन केवळ स्वतःच्या मुलांकडून येत नाही.

हा विचार निपुत्रिकांना टोमणा मारण्याचे साधन होता कामा नये. आपल्या समाजात तो फार लवकर होतो, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. संतती देणे न देणे अल्लाहच्या हाती आहे. हजरत आयशा (रजि.) यांना मूल नव्हते, आणि त्यांनी आपला भाचा उर्वा यांच्यासह एक अख्खी पिढी शिकवून तयार केली. पुढची पिढी घडवण्यातला वाटा जन्म देण्यापुरता नसतो. उलट घरात पाच मुले असून एकालाही शाळा वा हुन्नर न देणाऱ्याचा वाटा किती, हेही विचारता येईल.

दुसरीकडे, सरकारी पेन्शन मिळाली म्हणून मुलाचे कर्तव्य संपत नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये वृद्ध मातापित्यांशी साधा 'उफ' देखील उच्चारू नये अशी ताकीद आहे. तेथे पैशाचा उल्लेख नाही. बोलण्याचा, नम्रतेचा आणि त्यांच्यासाठी दुआ करण्याचा आहे. आपल्या कोकणातील कित्येक घरांतून मुलगे कुवेत, कतर, दुबईला आहेत. पैसा वेळेवर येतो, घरे पक्की झाली आहेत. आत दोन म्हातारे जीव असतात आणि 'उफ' म्हणणारेही कोणी नसते. त्या मुलग्यांना आखाती देशांत पेन्शन नाही. ती तेथील नागरिकांसाठी आहे. परदेशी कामगाराला सेवासमाप्तीची एकरकमी रक्कम मिळते आणि तो परत येतो. त्याचे स्वतःचे म्हातारपण कोणत्या वहीत लिहिलेले आहे, हा हिशेब पन्नाशीनंतर सुरू होतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील सरासरी जननदर १.७ आढळला, लोकसंख्या स्थिर राहण्यास साधारण २.१ लागतो. देशातील मुस्लिमांचा जननदर, जो १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो त्याच फेरीत २.४ वर आलेला होता. म्हणजे ज्या समाजाला 'भरपूर मुलांचा' म्हणून हिणवले जाते, त्याच्याही घरांत वृद्धांमागे मुले झपाट्याने घटत आहेत, आणि पेन्शन असलेली माणसे त्या घरांत मुळातच थोडी. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर ज्याचे हात झिजले त्याला कसली पेन्शन?

मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी जुनी पेन्शन योजना परत मिळावी म्हणून संप केला. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना शेवटच्या पगाराच्या निम्म्याइतकी निश्चित पेन्शन राहिली नव्हती. बाजाराच्या चढउतारावर म्हातारपण टांगू नये ही त्यांची मागणी गैर नव्हती. पण जुन्या योजनेत कर्मचाऱ्याची वर्गणी नसते, सारा भार करदात्यावर असतो, आणि साबणाच्या वडीवर कर भरणारा यंत्रमाग कामगारही करदाताच आहे. त्याला स्वतःला, पासष्टी ओलांडल्यावर आणि गरिबीचे दाखले जमवल्यावर, श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळू शकतात. तेही २०२३ मध्ये हजारावरून वाढवल्यानंतर. एका वृद्धाच्या निश्चिंतीचा भार दुसऱ्या निराधार वृद्धाच्या घरावर पडत असेल, तर तो वाद कर्मचारी आणि सरकार या दोघांपुरता कसा राहील? संपाच्या वाटाघाटींतही बैठकीला दोनच पक्ष होते.

त्याच वर्षी डिसेंबरात राज्यातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. तो संप कितीतरी अधिक दिवस चालला आणि वर्तमानपत्रांत कितीतरी कमी जागा मिळवून गेला. गरीब वस्तीतील मुलांच्या पोटात दोन घास घालणे, त्यांना वजनाच्या काट्यावर उभे करणे, पहिली अक्षरे शिकवणे हे त्यांचे काम. उद्या वर्गणी भरणारी, कर भरणारी, म्हाताऱ्यांना पोसणारी पिढी त्यांच्या हातांखालून जाते. त्यांना वेतन नाही, मानधन आहे. आणि त्या वेळी त्यांच्या मागण्यांपैकी एक होती, पेन्शन.